छोटी पीआर एजन्सी नेमके काय काम करते?

एखाद्या कंपनीच्या नव्या उत्पादनाची बातमी वर्तमानपत्रात येते, एखाद्या डॉक्टरांची वृत्तवाहिनीवर मुलाखत होते, एखादी सामाजिक संस्था आपला अहवाल प्रसिद्ध करते आणि दुसऱ्या दिवसापासून त्यावर चर्चा सुरू होते. अशा बऱ्याच प्रसंगांमागे पाच-सात माणसांचे एक छोटे कार्यालय असते आणि त्याचे नाव त्या बातमीत कोठेही नसते. हीच पीआर एजन्सी, म्हणजे जनसंपर्काचे काम करणारी संस्था. तिच्याविषयी बाहेरच्या माणसाचा सहसा दोनपैकी एक समज असतो. ही मंडळी ओळखीच्या जोरावर बातम्या छापून आणतात, असे काहींना वाटते; वाईट गोष्टींवर रंगरंगोटी करणे हाच यांचा धंदा, असे इतरांना वाटते. हे दोन्ही प्रकार घडतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही चांगल्या एजन्सीचे रोजचे काम याहून वेगळे आणि पुष्कळ कष्टाचे असते. ते काम कसे चालते, त्याचे पैसे कसे ठरतात आणि ते प्रामाणिकपणे करता येणे कशावर अवलंबून असते, हे तीन प्रश्न या लेखात समजून घ्यायचे आहेत. माझ्या मते तिसरा प्रश्न पहिल्या दोनांपासून वेगळा काढता येत नाही. एजन्सीचा जमाखर्च कसा आहे, यावरच ती क्लायंटशी आणि पत्रकारांशी खरे बोलू शकेल की नाही, हे बऱ्याच अंशी ठरते.

विकत न मिळणारी जागा

जाहिरातीत जागा विकत घेतलेली असते, त्यामुळे मजकूर कोणता, तो किती मोठा आणि कोणत्या दिवशी, हे सारे पैसे देणारा ठरवतो. बातमीच्या जागेवर मात्र संपादकाचा अधिकार चालतो. तेथे काय यावे आणि कोणत्या शब्दांत यावे, हे बाहेरच्या कोणालाही ठरवता येत नाही, आणि वाचक बातमीवर जाहिरातीपेक्षा अधिक विश्वास ठेवतो तो नेमका याच कारणाने. या व्यवसायात माध्यमांचे चार प्रकार सांगितले जातात: पैसे देऊन मिळवलेले, पात्रतेवर कमावलेले, लोकांनी एकमेकांना पाठवल्यामुळे पसरलेले आणि स्वतःच्या मालकीचे, म्हणजे आपले संकेतस्थळ किंवा वार्तापत्र. एजन्सी आज या चारही प्रकारांत काम करत असली, तरी तिची खरी परीक्षा दुसऱ्या प्रकारात, कमावलेल्या प्रसिद्धीत होते.

येथूनच पुढच्या साऱ्या अडचणी सुरू होतात. क्लायंट एजन्सीला पैसे देतो, पण त्याला हवी असलेली वस्तू एजन्सीच्या मालकीची नसते. म्हणून ‘अमुक दैनिकात पहिल्या पानावर बातमी आणून देतो’ अशी हमी देणाऱ्या एजन्सीपासून सावध राहावे. अशी हमी देणारा एकतर खोटे बोलत असतो, किंवा विकत घेतलेला मजकूर बातमी म्हणून खपवण्याच्या बेतात असतो. प्रामाणिक एजन्सी प्रयत्नांची हमी देऊ शकते, तयारीची देऊ शकते, योग्य पत्रकारापर्यंत योग्य वेळी योग्य माहिती पोहोचवण्याची देऊ शकते. निकालाची हमी तिला देता येत नाही, आणि पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट सांगणे हा तिच्या कामाचाच भाग असतो.

जनसंपर्काची पहिली एजन्सी म्हणून १९०० साली बॉस्टनमध्ये सुरू झालेल्या ‘पब्लिसिटी ब्युरो’चे नाव सहसा घेतले जाते. त्यानंतर काही वर्षांतच आयव्ही ली या माजी पत्रकाराने जॉर्ज पार्कर यांच्या भागीदारीत न्यूयॉर्कमध्ये एजन्सी काढली. १९०६ साली अमेरिकेतील कोळसा खाणमालकांचे काम घेतल्यावर ली यांनी वर्तमानपत्रांना एक निवेदन पाठवले. त्याचा आशय असा होता की आमचे सगळे काम उघड्यावर चालते, आम्ही जाहिरात संस्था नाही, आमचा मजकूर तुमच्या जाहिरात विभागाच्या योग्यतेचा वाटला तर तो वापरू नका, आणि आम्ही दिलेली माहिती तपासून पाहायची असेल तर त्यासाठीही आम्ही मदत करू. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेमार्गाच्या यंत्रणेतली एक गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अपघाताची माहिती दडपणे हा त्या काळच्या रेल्वे कंपन्यांचा रिवाज होता. ली यांनी तो बाजूला ठेवून कंपनीच्या वतीने लेखी निवेदन दिले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते जसेच्या तसे छापले. आजच्या प्रेसनोटची सुरुवात अनेक जण या घटनेपासून मानतात.

या व्यवसायाची दुसरी परंपराही तितकीच जुनी आहे. १९२९ साली न्यूयॉर्कमधल्या ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी जाहीरपणे सिगारेट ओढली आणि वर्तमानपत्रांनी ती स्त्रीस्वातंत्र्याची बातमी म्हणून छापली. ती घडवून आणली होती एडवर्ड बर्नेझ यांनी, आणि त्यांचा क्लायंट होता अमेरिकन टोबॅको कंपनी. वाचकांना त्या कंपनीचा हात दिसत नव्हता. माहिती देणारा कोण आहे हे उघड ठेवणे आणि ते लपवणे, हे दोन्ही मार्ग या व्यवसायात सुरुवातीपासून शेजारी शेजारी चालत आले आहेत. पुढे १९८४ मध्ये जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट या अभ्यासकांनी जनसंपर्काच्या चार पद्धती मांडल्या. पहिलीत काहीही करून प्रसिद्धी मिळवायची असते. दुसरीत खरी माहिती एका बाजूने पुरवली जाते. तिसरीत लोकांचे मत अभ्यासून त्यांना आपल्याकडे वळवले जाते. चौथीत लोकांचे म्हणणे ऐकून संस्था स्वतःही बदलायला तयार असते. प्रत्यक्षात एकाच एजन्सीत एकाच आठवड्यात या चारही पद्धती दिसू शकतात. चौथी मात्र फार थोड्या वेळा दिसते, कारण तिच्यासाठी क्लायंटची तयारी लागते.

क्लायंटच्या सांगण्यापासून छापील बातमीपर्यंत

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका छोट्या कंपनीने नवजात बाळांची श्रवणचाचणी करणारे, हातात मावेल असे उपकरण तयार केले आहे. कंपनीचे संस्थापक एजन्सीला सांगतात की आमचे उपकरण क्रांतिकारी आहे, याची सर्वत्र बातमी यायला हवी. एजन्सीचे पहिले काम लिहिण्याचे नसते, विचारण्याचे असते. हे उपकरण आज किती रुग्णालयांत वापरले जाते? त्याची अचूकता कंपनीबाहेरच्या कोणी तपासली आहे का? प्रचलित चाचणीच्या तुलनेत त्यात काय कमी पडते? वापरणारी परिचारिका याविषयी काय म्हणते? पहिल्या बैठकीत हे प्रश्न क्लायंटला खटकतात, कारण आपण नेमलेल्या माणसांनी आपली बाजू घ्यावी अशी त्याची अपेक्षा असते. पण हेच प्रश्न पुढे पत्रकार विचारणार असतो, आणि तेव्हा उत्तर नसले तर कंपनीच तोंडघशी पडते.

अशा चौकशीतून बरेचदा असे लक्षात येते की क्लायंटला जी बातमी वाटते ती बातमी नसते. खरी बातमी तिच्या शेजारी असते. या उदाहरणात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्याच्या आत, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत व्हावी, असा या क्षेत्रात मान्य असलेला दंडक आहे. दोष उशिरा कळला की मुलाच्या भाषेच्या वाढीवर परिणाम होतो. वाचकाला उपकरणात रस नसेल, पण आपल्या बाळाला ऐकू येते की नाही हे कधी आणि कसे कळते, यात त्याला नक्की रस असतो. म्हणून चांगली एजन्सी हा विषय पुढे ठेवते, उपकरणाला त्याच्या आत जागा देते आणि कंपनीशी आर्थिक संबंध नसलेल्या एखाद्या तज्ज्ञाशीही पत्रकाराने बोलावे, असे स्वतःहून सुचवते. क्लायंटच्या गळी हे उतरवणे बातमी लिहिण्यापेक्षा कठीण असते.

त्यानंतर प्रेसनोट तयार होते. तिची रचना ठरलेली असते: नेमका मथळा, ठिकाण आणि तारीख, पहिल्या परिच्छेदात कोण, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे या प्रश्नांची उत्तरे, मग तपशील, संबंधित व्यक्तीचे एखादे विधान, शेवटी संस्थेची थोडक्यात ओळख आणि संपर्क. महत्त्वाचे आधी आणि कमी महत्त्वाचे नंतर, हा क्रम पाळला जातो, कारण जागा कमी पडली की डेस्कवरचा उपसंपादक मजकूर खालून कापत येतो. मसुदा क्लायंटकडे मंजुरीला गेला की तो विपणन विभाग, कायदा विभाग आणि संचालक अशा तीन-चार टेबलांवरून फिरतो. प्रत्येक टेबलावर त्यात एखादे विशेषण वाढते आणि एखादी वस्तुस्थिती गळते. वाढलेली विशेषणे काढणे आणि गळलेली वस्तुस्थिती परत बसवणे, यात कर्मचाऱ्यांचा बराच वेळ जातो. बाहेरच्या कोणाला हे काम दिसत नाही, पण मजकुराची विश्वासार्हता येथेच टिकते किंवा जाते.

मग येते पिच, म्हणजे एखाद्या पत्रकाराला विषय सुचवणे. एकच मेल शेकडो पत्त्यांवर पाठवणे सोपे असते आणि जवळजवळ निरुपयोगी असते. चांगली पिच पाच-सहा ओळींची असते आणि तिच्यात दोन प्रश्नांची उत्तरे असतात: हा विषय आत्ताच का, आणि तुमच्याच वाचकांना का. त्यासाठी त्या पत्रकाराचे बीट, म्हणजे त्याला नेमून दिलेला विषय कोणता, गेल्या काही महिन्यांत त्याने काय लिहिले, त्याची मजकूर देण्याची वेळ कोणती, हे माहीत असावे लागते. आरोग्याची बातमी अर्थविषयक पत्रकाराला पाठवली तर ती वाया जाते, शिवाय पुढच्या वेळी त्या एजन्सीचा मेल उघडला जाण्याची शक्यताही कमी होते. लिखाणाची स्वयंचलित साधने हाताशी आल्यापासून वरवर नीटनेटक्या पण आतून पोकळ अशा पिच पाठवणे फार सोपे झाले आहे. अशा काळात स्वतः वाचून, विचार करून लिहिलेल्या चार ओळींचे मोल वाढले आहे, असे मला वाटते.

पत्रकाराशी वागण्याचे काही अलिखित नियम नव्या कर्मचाऱ्याला लवकर शिकावे लागतात. एम्बार्गो म्हणजे माहिती आधी द्यायची, पण ठरलेल्या वेळेपूर्वी ती प्रसिद्ध करायची नाही, असा दोन्ही बाजूंनी मान्य केलेला करार. पत्रकाराने आधी होकार दिलेला नसताना मजकुराच्या माथ्यावर नुसते ‘एम्बार्गो’ लिहून पाठवले, तर तो त्याच्यावर बंधनकारक होत नाही. ‘ऑफ द रेकॉर्ड’चेही तसेच आहे, बोलण्यापूर्वी ठरले तरच त्याला अर्थ असतो, बोलून झाल्यावर ते म्हणून उपयोग नाही. एखादी माहिती एकाच पत्रकाराला देण्याचे कबूल केले असेल, तर ती गुपचूप दुसऱ्याला देणे हा विश्वासघात ठरतो. प्रसिद्ध होण्यापूर्वी बातमी दाखवा, अशी मागणी करू नये. छापून आल्यावर आकडा किंवा नाव चुकले असेल तर दुरुस्ती अवश्य मागावी, पण बातमीचा सूर आवडला नाही म्हणून फोन करू नये. क्लायंट मात्र सूर आवडला नाही म्हणूनच फोन करायला सांगतो, आणि त्याची समजूत घालण्याची जबाबदारी एजन्सीवर येते.

या कामात सर्वांत जास्त वेळा मिळणारे उत्तर म्हणजे मौन. दहा पत्रकारांना लिहिले तर बहुतेकांकडून काहीच कळत नाही. नुकत्याच रुजू झालेल्या मुलामुलींना हे फार लागते. आपले लिखाण वाईट आहे, किंवा आपल्याला बोलता येत नाही, असे त्यांना वाटू लागते. बरेचदा कारण वेगळेच असते: त्या दिवशी मोठी घटना घडलेली असते, पान भरलेले असते, किंवा पत्रकार रजेवर असतो. एकदा नम्रपणे विचारणा करावी आणि तेथेच थांबावे, हे कळायला अनुभव लागतो. छोट्या एजन्सीत हा अनुभव लवकर मिळतो, कारण तेथे कामाची वाटणी फारशी नसते. एकच व्यक्ती सकाळी वर्तमानपत्रे आणि संकेतस्थळे चाळून क्लायंटविषयीच्या बातम्यांची कात्रणे काढते, दुपारी मसुदा लिहिते, संध्याकाळी पत्रकार परिषदेत खुर्च्या आणि माइक नीट आहेत का ते पाहते आणि रात्री वाहिनीवरच्या मुलाखतीसाठी क्लायंटची तयारी करून घेते. मोठ्या एजन्सीत पहिल्या बैठकीला आलेली ज्येष्ठ मंडळी पुढे क्वचितच दिसतात, अशी क्लायंटची तक्रार असते. छोट्या एजन्सीत भेटलेला माणूसच काम करतो. हे तिचे बलस्थान आहे आणि मर्यादाही, कारण तो माणूस आजारी पडला की काम थांबते.

तासांचा हिशेब

एजन्सीकडे विकायला माल नसतो. तिच्याकडे माणसांचा वेळ असतो. बहुतेक एजन्सी क्लायंटकडून दरमहा ठरावीक शुल्क घेतात, त्याला रिटेनर म्हणतात. काही कामे प्रकल्पापुरती घेतली जातात, जसे की एखादे उद्घाटन किंवा एखाद्या अहवालाचे प्रकाशन. रिटेनर म्हणजे नियमित उत्पन्न, त्याच्या भरवशावर पगार देता येतात. म्हणून प्रत्येक छोट्या एजन्सीला तो हवा असतो. सर्वांत मोठा खर्च पगारांचा. शुल्क साधारणपणे त्या कामावरच्या माणसांच्या पगाराच्या तिप्पट असावे, म्हणजे एक हिस्सा पगारात, एक जागा-वीज-उपकरणे अशा खर्चात जाऊन एक उरतो, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. छोट्या एजन्सीत हा तिसरा हिस्सा पूर्ण उरल्याचे क्वचितच दिसते.

तो का उरत नाही, हे एका साध्या गणितातून कळेल. समजा, एका क्लायंटसाठी महिन्याला ४० तास काम करायचे ठरले आहे. क्लायंट भला आहे, तो वारंवार फोन करतो, एखादे भाषण लिहून मागतो, एखादी पोस्ट तपासून मागतो, आणि भिडेखातर कोणी नाही म्हणत नाही. महिनाअखेर टाइमशीट, म्हणजे कोणी कोणत्या कामाला किती वेळ दिला याची नोंद पाहिली तर ५५ तास झालेले असतात. शुल्क तेवढेच राहिल्याने एजन्सीला तासामागे ठरलेल्या दराच्या सुमारे ७३ टक्केच मिळाले. सहापैकी चार क्लायंटच्या बाबतीत असे झाले, तर सगळे जण रात्री उशिरापर्यंत राबत असतात, प्रत्येक क्लायंट खूश असतो आणि व्यवहार मात्र आतबट्ट्याचा ठरतो. टाइमशीट भरायचा सर्वांना कंटाळा असतो, पण ती नसेल तर हा तोटा कोठून होतो ते दिसतच नाही. माझ्या मते छोट्या एजन्सीच्या मालकाने सर्वांत आधी हीच शिस्त लावावी, कारण हा जादा वेळ अखेर सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यांच्या झोपेतून आणि सुट्टीतून काढला जातो.

नवा क्लायंट मिळवण्याचा खर्चही असतो. क्लायंट तीन-चार एजन्सींना बोलावतो, प्रत्येकीकडून सविस्तर आराखडा मागतो आणि काम एकीलाच देतो. उरलेल्यांनी आठवडे खर्च करून केलेल्या विचाराचे काहीच पैसे मिळत नाहीत, आणि त्यातल्या कल्पना नंतर वापरल्या गेल्याचेही कधी कधी दिसते. यावर काही एजन्सी पहिल्या बैठकीत दृष्टिकोन आणि पूर्वीचे काम दाखवतात, आणि तपशीलवार आराखडा करार झाल्यावरच देतात.

संकटाच्या वेळी

संकटकाळातील जनसंपर्काचा विषय निघाला की १९८२ चे टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचे प्रकरण आठवते. त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस शिकागो परिसरात कोणीतरी सायनाइड मिसळलेल्या टायलेनॉलच्या कॅप्सूल घेतल्याने सात जणांचा मृत्यू झाला. ते विष कोणी मिसळले, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने लोकांना औषध न घेण्याचे आवाहन केले, सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या आणि पुढे उघडल्यास लगेच लक्षात येईल अशा सीलबंद वेष्टनात ते औषध पुन्हा बाजारात आणले. जनसंपर्काचा यशस्वी नमुना म्हणून हे प्रकरण शिकवले जाते, पण त्याचा गाभा निवेदनाच्या शब्दांत नव्हता. कंपनीने आधी तोटा सोसून कृती केली, म्हणून तिच्या बोलण्याला वजन आले. कृती नसेल तर कोणतीही एजन्सी नुसत्या शब्दांनी विश्वास परत आणू शकत नाही.

छोट्या एजन्सीच्या वाट्याला येणारी संकटे याहून लहान असतात: कारखान्यातली आग, शाळेच्या बसचा अपघात, एखाद्या अधिकाऱ्याचे बेजबाबदार विधान, ग्राहकांची माहिती चोरीला जाणे. पहिल्या तासाभरात सगळी वस्तुस्थिती कोणालाच माहीत नसते. अशा वेळी एक छोटे प्राथमिक निवेदन दिले जाते. काय घडले याची खात्रीशीर माहिती एवढी आहे, तपास चालू आहे, पुढची माहिती अमुक वाजता देऊ, इतकेच त्यात असते. कारणांचा अंदाज नसतो आणि दोषारोपही नसतात. पुढची माहिती सांगितलेल्या वेळी द्यायची, मग नवे काही हाती आलेले नसले तरी. कोणाला आधी कळावे, याचाही क्रम असतो. जखमींच्या किंवा मृतांच्या कुटुंबीयांना वाहिनीवरून कळणे हा अक्षम्य प्रकार आहे. त्यांच्यानंतर कर्मचारी आणि मग माध्यमे. या बैठकांत वकील आणि एजन्सी यांच्यात बहुधा मतभेद होतात. आज बोललेले प्रत्येक वाक्य उद्या न्यायालयात येऊ शकते, याची वकिलांना चिंता असते, आणि ती रास्त असते. गप्प राहिल्यास लोक स्वतःच्या तर्काने रिकामी जागा भरतील, याची एजन्सीला चिंता असते, आणि तीही रास्त असते. दोष कबूल न करताही दुःख व्यक्त करता येते आणि मदत पोहोचवता येते, हे दोन्ही बाजूंना पटवून मधला मार्ग काढावा लागतो.

एजन्सीच्या हाती गोपनीय माहितीही येते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे निकाल किंवा विलीनीकरणाची बातमी एजन्सीतल्या कर्मचाऱ्याला जाहीर होण्यापूर्वी कळते. त्या माहितीवर स्वतः व्यवहार करणे किंवा ती नातेवाइकाला सांगणे हा बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि हे कर्मचाऱ्याला रुजू होतानाच सांगायला हवे.

यश मोजायचे कसे

फार वर्षे एजन्सी कात्रणांची लांबी-रुंदी मोजत असत. तेवढी जागा जाहिरात म्हणून घेतली असती तर किती खर्च आला असता, तो आकडा काढायचा, बातमी जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह असते म्हणून त्याला तिनाने गुणायचे आणि अहवालात लिहायचे की आम्ही तुम्हाला एवढ्या पैशांची प्रसिद्धी मिळवून दिली. या पद्धतीत टीकेची बातमीही फायद्यात धरली जाते, ती कोणी वाचली याचा पत्ता नसतो, आणि गुणकाला कसलाही आधार नसतो. २०१० साली बार्सिलोनामध्ये या क्षेत्रातील मोजमाप संस्थांच्या परिषदेत सात तत्त्वे मान्य झाली. जाहिरातीच्या दराइतकी किंमत म्हणजे जनसंपर्काचे मूल्य नव्हे, हे त्यांपैकी एक तत्त्व. तरीही काही क्लायंट अजून तोच आकडा मागतात, कारण तो वरिष्ठांना दाखवायला सोपा असतो.

याऐवजी काय मोजावे, ते कामाच्या उद्देशावर ठरते. रक्तदानाचा प्रचार करणाऱ्या संस्थेसाठी किती बातम्या आल्या हे दुय्यम आहे. त्या काळात पहिल्यांदा रक्तदान केलेल्यांची संख्या वाढली का, हे पाहायला हवे. त्यातही ती वाढ बातम्यांमुळेच झाली असे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण त्याच वेळी इतरही गोष्टी घडत असतात. ही अनिश्चितता अहवालात लिहिण्याचे धैर्य फार थोड्या एजन्सी दाखवतात.

नाही म्हणण्याची ऐपत

आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेने १९६५ साली अथेन्समध्ये आचारसंहिता स्वीकारली आणि देशोदेशींच्या संघटनांच्याही संहिता आहेत. सत्य सांगा, क्लायंट कोण ते लपवू नका, दोन स्पर्धकांचे काम त्यांच्या संमतीशिवाय एकाच वेळी घेऊ नका, माध्यमांना लाच देऊ नका, हे बहुतेक संहितांत आढळते. पण संहिता पाळण्याची खरी कसोटी एखाद्या मोठ्या क्लायंटला नकार देण्याच्या क्षणी लागते. ज्या आयव्ही लींनी १९०६ मध्ये उघडपणाचा पुरस्कार केला, त्यांनीच पुढे नाझी राजवटीखालील जर्मनीतल्या एका बलाढ्य रासायनिक उद्योगाचे काम केले. १९३४ मध्ये अमेरिकी संसदीय समितीपुढे त्याची चौकशी झाली, आणि परकीयांसाठी असे काम करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची करणारा कायदा तेथे १९३८ मध्ये आला. २०१७ साली ब्रिटनमधील बेल पॉटिंजर या नामांकित एजन्सीला दक्षिण आफ्रिकेत वांशिक तेढ वाढवणाऱ्या प्रचारमोहिमेबद्दल ब्रिटनमधल्याच व्यावसायिक संघटनेने काढून टाकले. क्लायंट पटापट सोडून गेले आणि त्याच महिन्यात एजन्सीचा कारभार दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला.

ही मोठ्या नावांची उदाहरणे झाली. छोट्या एजन्सीत मोह इतका भव्य नसतो. क्लायंट म्हणतो, समाजमाध्यमांवर पाच-पन्नास खोटी खाती उघडून आमची स्तुती लिहा. किंवा म्हणतो, अभ्यासात २० जणच होते, पण मथळ्यात ‘दहापैकी नऊ लोकांचे मत’ असे लिहा. किंवा पैसे घेऊन आमची शिफारस करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने पैसे घेतल्याचे जाहीर करू नये, अशी इच्छा व्यक्त करतो. एजन्सीचे निम्मे उत्पन्न या एकाच क्लायंटकडून येत असेल, तर मालकाच्या डोळ्यांसमोर पुढच्या महिन्याचे पगार उभे राहतात. माणूस मुळात वाईट नसतो, पण नकार देण्याची त्याची ऐपत उरलेली नसते. याच कारणाने एकाच क्लायंटकडून एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक रक्कम येऊ लागली की काळजी करावी, दोन-तीन महिन्यांच्या पगारांइतकी शिल्लक बाजूला ठेवावी आणि करारात दोन्ही बाजूंना सारखी पूर्वसूचनेची मुदत असावी, असे मला आग्रहाने म्हणावेसे वाटते. या गोष्टी हिशेबाच्या वहीतल्या दिसतात, पण पत्रकाराला खोटी माहिती जाईल की नाही, ते त्यांच्यावरच ठरते.

एखादी छोटी एजन्सी नेमायची असेल, तर तिच्या कात्रणांच्या फायलीइतकेच लक्ष काही साध्या प्रश्नांकडे द्यावे. आमचे काम रोज कोण करणार, त्याच्याकडे आणखी किती क्लायंट आहेत, आमची बातमी कमकुवत असेल तर ते आम्हाला कोण सांगेल? तेथे नोकरी धरायची असेल तर टाइमशीट पाळली जाते का, जादा तासांचे पुढे काय होते, आणि गेल्या वर्षभरात एजन्सीने कोणते काम नाकारले, हे विचारावे. यातल्या शेवटच्या प्रश्नाला मालक न अडखळता एखादे ठोस उदाहरण देत असेल, तर त्या एजन्सीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे असे समजायला हरकत नाही.